लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?
माझ्याकडे जुनी माझदा एमएक्स-५ (छोटी स्पोर्ट्स कार) आहे, चाकाच्या वरची ती मोठी गॅप डोळ्यात खुपते म्हणून २५-३० मिमी खाली घ्यायचीय. नुसत्या आखूड स्प्रिंग बदलून भागेल का, की कॉइलओव्हर (शॉक आणि स्प्रिंगचा एकत्र सेट, उंची बदलता येणारा) घ्यावे? शॉक अ‍ॅब्सॉर्बर ओरिजिनलच आहेत, बरेच चाललेत. रोज वापरतो, ट्रॅकवर क्वचित.

गॅरेजवेडा:
जुन्या शॉकवर नवीन स्प्रिंग नको रे बाबा. स्प्रिंग आखूड आणि कडक, शॉकला तेवढा ट्रॅव्हलच (वरखाली हलायला जागा) उरत नाही, मग गाडी सारखी बंपस्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरवर) आपटते आणि आधीच थकलेला शॉक लवकर राम म्हणतो. शॉक घ्यायचेच आहेत तर दोन्हीचा खर्च जोडून बघ, साध्या कॉइलओव्हरच्या जवळ जातं. पण एकदम स्वस्तातला सेट नको, त्यापेक्षा चांगले शॉक आणि स्प्रिंग बरे.

तिखटमीठ:
वरच्याशी सहमत. कॉइलओव्हर घेतलास तर उंची खालच्या ब्रॅकेटवरून कमीजास्त होते असा बघ, नाहीतर स्प्रिंग सीट (स्प्रिंग टेकते ती रिंग) फिरवून खाली घेताना शॉकचा ट्रॅव्हल जातो.

पानाबारा:
बसवताना एक गोष्ट सगळे विसरतात, मीपण विसरलो होतो. सस्पेन्शन आर्मचे बुशवाले (रबरी जोडाचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फुल टाइट करायचे नाहीत, चाकांवर वजन आल्यावर करायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं, माझे असेच गेले. आणि नंतर अलाइनमेंट मस्ट, खाली घेतली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलीत ते) दोन्ही बदलतात, टायर आतून खाल्ले जातात.

प्रश्नकर्ता:
ओके, मग कॉइलओव्हरच. सुरू करण्याआधी चाकाच्या सेंटरपासून फेंडरपर्यंत मापून ठेवतो.