बारावीच्या सेंड-ऑफचे फोटो: पैसे एकेका मुलाकडून घ्यावेत का?

ऐरोलीची कॅमेरावाली

नमस्कार. मी ऐरोलीत राहते. गेली पाच वर्षं लग्नांमध्ये दुसरा कॅमेरा धरते. मुख्य फोटोग्राफर स्टेजवर असतो तेव्हा मी नवरीच्या खोलीत, पंगतीत, नाहीतर मांडवाच्या कोपऱ्यात असते. स्वतःच्या नावावर घेतलेल्या ऑर्डरी म्हणजे बारशी आणि डोहाळजेवणं. आता पहिल्यांदा मोठं काम समोर आलंय आणि एका गोष्टीवर अडलेय.

माझी मावसबहीण बारावी कॉमर्सला आहे. कॉलेजचा निरोप समारंभ सकाळी आहे, भाषणं आणि गुलाबाचं फूल. संध्याकाळी मात्र वर्गाने स्वतःच कोपरखैरण्यात हॉल घेतलाय, पाच ते दहा. त्याला सगळी, अमेरिकेतल्या शाळांच्या नाचाच्या पार्टीवरून, 'प्रॉम' म्हणतात. मुली साड्या नेसणार, मुलगे ब्लेझर घालणार, त्यातले बरेचसे भाड्याचे. तारीख जानेवारीचा शेवटचा शनिवार, कारण फेब्रुवारीत परीक्षा. वर्गात ५८ जण.

बहिणीने माझा नंबर वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत बावीस जणांचे मेसेज आले. "ताई, दोनशेत किती फोटो?" "ताई, आम्ही चौघी मिळून पाचशे देऊ, चालेल?" एका मुलाने न विचारताच शंभर रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, "उरलेले पॉकेटमनी मिळाला की." ते मी लगेच परत केले. मुलाचा राग नव्हता आला. पण रात्रभर डोक्यात एकच चित्र फिरत होतं: हॉलमध्ये दहा जणींचा घोळका उभा आहे, त्यातल्या सात जणींचे पैसे आलेत, तिघींचे नाहीत. मी काय म्हणायचं? "तू जरा बाजूला हो"? हे माझ्या तोंडून निघणार नाही. आणि न म्हणता सगळ्यांचे काढले तर ज्यांनी पैसे दिले त्यांना वाटेल, आपण उगाच दिले.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. माझी दहावी ठाण्यात झाली, २०१३ साली. सेंड-ऑफला आईची नारायणपेठ नेसले होते. आई पहाटे उठून निऱ्या घालायला बसली होती, पदर चार वेळा सोडून परत लावला. शाळेने बोलावलेल्या फोटोग्राफरने पायऱ्यांवर उभं करून वर्गाचा एकच फोटो काढला. मी तिसऱ्या रांगेत. पुढच्या मुलीच्या खांद्याआड माझा अर्धा चेहरा गेला, आणि साडीचा काठ बोटभर दिसतो. एका कॉपीचे ऐंशी रुपये होते. वेगळा फोटो हवा असेल तर वेगळे पैसे, आणि ते मी घरी मागितले नाहीत. आईने नेसवलेल्या त्या साडीतला माझा दुसरा फोटो कुठेच नाही.

तर दर कसा ठरवावा, पैसे कोणाकडून घ्यावेत, आणि हॉलच्या त्या जांभळ्या दिव्यांचं काय करावं? माझ्याकडे एक जुनी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी, ३५ आणि ८५ मिमीच्या दोन लेन्स आणि एकच फ्लॅश आहे.

नौपाड्यातला जुना स्टुडिओवाला

ताई, शंभर रुपये परत केलेत ते योग्य केलंत. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार धरला जात नाही. उद्या कोणी म्हणालं फोटो मिळाले नाहीत, किंवा तुम्ही म्हणालात पैसे मिळाले नाहीत, तर कागद कोणाच्या नावाचा? म्हणून एक पालक पुढे करा. एका पानावर तारीख, वेळ, किती फोटो, कधी देणार, रक्कम, हे लिहा, सही घ्या, निम्मे पैसे आधी घ्या. ५८ जणांकडून सुटे पैसे गोळा करायला लागलात की तुम्ही फोटोग्राफर राहत नाही, वसुलीवाल्या होता.

आता उजेड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२०० सेकंदापेक्षा वेगवान नेलंत की आडवे काळपट पट्टे येऊ शकतात. दिव्यांवरच काढायचं तर १/१०० किंवा १/५० वर ठेवा. डीजेचे रंगीत दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यांच्यासमोर आधी दोन-चार फोटो काढून बघा. सायलेंट (आवाज न करणाऱ्या) शटरने हे पट्टे वाढतात, ते बंदच ठेवा. निळ्या-जांभळ्या उजेडात चेहऱ्याचा रंग एकदा गेला की नंतर संगणकावर कितीही ओढा, परत येत नाही. म्हणून चेहऱ्यावर पांढरा उजेड आपला हवा. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅश छताकडे वळवा. रंगीत पीओपी असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरेल, मग फ्लॅश स्टँडवर लावून, उजेड मऊ करणाऱ्या छत्रीतून बाजूने मारा. नाच सुरू झाला की शटर १/१५ पर्यंत खाली आणा आणि फ्लॅश शटर बंद होताना पडेल असा लावा. चेहरा थांबतो, मागचे दिवे वाहतात. मुलांना ते फार आवडतं.

हॉल आदल्या आठवड्यात, संध्याकाळीच बघून या. दुपारी बघितलेला हॉल रात्री ओळखू येत नाही.

तुमचा दहावीचा फोटो वाचून वाईट वाटलं. मीही असे खूप काढलेत. रोलच्या दिवसांत ३६ फोटोंचा हिशोब असायचा, नीट भरला तर ३७-३८ निघत. एका शाळेला एक रोल. त्यात मुख्याध्यापक, पाहुणे, दीपप्रज्वलन यांतच वीस जायचे, उरलेल्यांत मुलं. तिसऱ्या रांगेत कोण झाकलं गेलंय ते बघायला स्टुलावर चढायला हवं होतं. मी सुरुवातीची काही वर्षं चढलो नाही. तुम्ही स्टूल न्या.

वाशीकर

माझी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. भाचीच्या प्रॉमच्या वेळी मी तिथे होते, मे महिना होता. तिथे प्रॉम वसंतात असतो, शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. हॉलमध्ये शाळेने ठरवलेला फोटोग्राफर पडदा लावून उभा होता. पण खरी गंमत त्याआधी झाली. आठ-दहा मुलं-मुली, त्यांचे आईवडील, एकाची आजीसुद्धा, असे सगळे दुपारी एका बागेत जमले. मुलींच्या मनगटावर फुलांचा छोटा गुच्छ, मुलांच्या कोटाला एक फूल. त्या तासासाठी पालकांनी मिळून वेगळी फोटोग्राफर बोलावली होती. पैसे आयांनीच वाटून दिले. नंतर मुलं हॉलवर गेली आणि फोटोग्राफर घरी. बहीण सांगत होती की तिच्या भागात स्वतंत्र काम करणारे फोटोग्राफर या आधीच्या तासाचंच काम जास्त घेतात, कारण हॉलच्या आत त्यांना शाळा येऊ देत नाही.

तुम्हाला तर आतही बोलावलंय. तरी आधीचा तास सोडू नका. जानेवारीअखेर सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. वाशीचा सागर विहार खाडीच्या काठाला, पश्चिमेला तोंड करून आहे, साडेपाचनंतरचा उजेड तिथे चेहऱ्यावर अगदी मऊ पडतो. पण ५८ जणांना तिथे नेऊन परत कोपरखैरण्याला आणायचं म्हणजे रिक्षांचा खर्च आणि एकच गोंधळ. हॉलच्या जवळच एखादी बाग किंवा गच्ची मिळते का ते बघा. पालिकेच्या बागेत कॅमेरा-स्टँड लावायचं असेल तर आधी विचारून ठेवा, नाहीतर रखवालदार ऐन वेळी अडवतो आणि मुलींसमोर वाद होतो.

बारावीची आई, कोपरखैरणे

ताई, मी तुमच्या गिऱ्हाईकांच्या बाजूची. माझी धाकटी यंदा बारावीला आहे, कदाचित तुमच्याच यादीत असेल. मोठीच्या वेळचं सांगते. त्या संध्याकाळचे फोटो छान आले होते. पण फोटोग्राफरने मुलींच्या नाचाचे फोटो न विचारता सोशल मीडियावरच्या स्वतःच्या पानावर टाकले. आमच्या गावाकडच्या कोणीतरी पाहिले, तिच्या काकांना पाठवले. काकांचा फोन आला. पुढचे आठ दिवस घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही. मुलीने काहीही चुकीचं केलं नव्हतं. ती मैत्रिणींबरोबर नाचत होती. परीक्षा तोंडावर आणि ती जेवत नव्हती.

म्हणून दर किती हा माझा प्रश्नच नाही. फोटो कुठे जाणार, हा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो. बारावीतली बहुतेक मुलं सतरा वर्षांची असतात. पालकांना एक साधा मेसेज पाठवा: फोटो काढणार, पासवर्ड असलेल्या गॅलरीत इतके दिवस ठेवणार, माझ्या पानावर टाकणार नाही. 'हो' आलं की पुढे जा. तुम्हाला स्वतःच्या कामासाठी एखादा फोटो दाखवायचा असेल तर त्या एका फोटोपुरतं वेगळं विचारा. मी हो म्हणेन. विचारलं याचाच आनंद असतो.

गेल्या वर्षीची बारावी

ताई, मी गेल्या वर्षी घणसोलीतून झाले. आमच्या सेंड-ऑफला फोटोग्राफर नव्हता, सगळ्यांकडे फोन आहेत म्हणून. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाच्या चारशे सेल्फी आहेत. एकातही साडी पायापर्यंत दिसत नाही. सगळे फोटो कपाळ ते खांदा. आणि जी मैत्रीण कायम फोन धरायची, कारण तिचा हात लांब, तिचा चेहरा प्रत्येक फोटोत मोठा आणि कोपऱ्यात कापलेला.

अजून एक. वर्गात तीन-चार जण कुठल्याच ग्रुपमध्ये नसतात. ते स्वतःहून "माझा काढा" म्हणणार नाहीत. त्यांना तुम्हीच बोलवा.

आणि सेफ्टी पिना ठेवा. नऊ वाजेपर्यंत अर्ध्या मुलींचे पदर सुटलेले असतात.

ऐरोलीची कॅमेरावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वहीत हिशोब मांडत होते. काल वर्गाच्या दोन पालकांशी बोलून असं ठरवलंय.

रक्कम एकच, पूर्ण वर्गाची: बारा हजार. मदतनीसाचे दीड हजार, दुसरा फ्लॅश आणि स्टँड भाड्याने आठशे, ५८ प्रिंटांचे सातशेच्या आसपास, येण्याजाण्याचे पाचशे. साडेआठ हजार उरतात, त्यात पाच तास उभं राहणं आणि तीन दिवस संगणकावर बसणं. माझ्यासाठी ठीक आहे. डोक्यावर वाटले तर दोनशे सात रुपये होतात. पण कोणी किती द्यायचे ते वर्गाने ठरवायचं, गोळा त्या पालकांनी करायचे, आणि एक अट मी कागदावर लिहून घेतली: कोणी दिले, कोणी नाही, ही यादी मला दाखवायची नाही. मला माहीत नसेल तर कॅमेऱ्यालाही माहीत नसेल. त्या दोन पालकांपैकी एक बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग ती यादीसुद्धा आमच्याकडेच राहील, वर्गात जाणार नाही."

पाच ते साडेसहा फक्त एकेकट्याचे फोटो. हॉलच्या मागे मोकळं पार्किंग आहे, भिंत फिकट पिवळी, संध्याकाळी तिथे ऊन थेट येत नाही. ५८ जण, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे ८७ मिनिटं. नव्वदात बसतं, पण जेमतेम, म्हणून मदतनीस हजेरीच्या क्रमाने हाक मारणार. हजेरीत सगळेच असतात, त्यामुळे ग्रुपमध्ये नसलेल्या मुलांनाही वेगळं बोलवावं लागणार नाही. फोटो पायापर्यंत, पूर्ण उंचीचा. त्याची एक प्रिंट प्रत्येकाला हातात मिळेल. आत गेल्यावर वर्गाचा मोठा फोटो स्टुलावरून, आणि प्रत्येक रांगेतला प्रत्येक चेहरा मोजून मगच बटण दाबणार. दहाला आवाज बंद होतो, त्यामुळे नाच आठ ते पावणेदहा.

आईंसाठी: तुम्ही लिहिलेला मेसेज जवळजवळ तसाच पाठवलाय. आजपर्यंत ४९ 'हो' आले. तिघांच्या घरून आलं की फोटो काढा पण गॅलरीत नको. त्यांचे फोटो थेट त्यांच्या घरी पाठवणार. बाकी सहा घरी रविवारी स्वतः फोन करते. गॅलरी ३० दिवसांनी बंद. माझ्या पानावर यातला एकही फोटो जाणार नाही. तुमच्या मोठीचं वाचल्यावर मला ते नकोच वाटतंय.

आईला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, आत गेली आणि कपाटातून ती नारायणपेठ काढून तिची घडी बदलून ठेवली.

नौपाड्यातला जुना स्टुडिओवाला

फ्लॅश आणि स्टँड भाड्याने घेऊ नका. माझ्याकडे दोन पडून आहेत, छत्रीसकट. शुक्रवारी येऊन घेऊन जा. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, तेवढं सांभाळा. वाचलेल्या आठशेत प्रिंट ४ बाय ६ ऐवजी ५ बाय ७ करा. पूर्ण उंचीच्या फोटोत चेहरा लहान येतो, मोठ्या कागदावर डोळे दिसतील.

ऐरोलीची कॅमेरावाली

काका, शुक्रवारी पाचला येते. ५ बाय ७ चं लॅबला आत्ताच कळवलं.