चामिसालचा तंटा: शंभर वर्षांनी न्याय झाला, पण कुणाच्या जिवावर?

दक्षिणकाठ:
अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं हुआरेस यांच्यामधून रिओ ग्रांडे वाहते. मेक्सिकन लोक तिला रिओ ब्राव्हो म्हणतात. १८४८ च्या तहात तिची मध्यधार हीच सीमा ठरली. पण नदी दक्षिणेकडे सरकत राहिली, १८६४ च्या पुराने काठच्या काठ गिळले आणि चामिसाल नावाची सुमारे ६०० एकर मेक्सिकन जमीन अमेरिकेच्या बाजूला आली. बघता बघता तिच्यावर एल पासोच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

१९११ मध्ये दोन्ही देशांनी लवाद नेमला. कॅनडाचे कायदेपंडित युजीन लाफ्लर अध्यक्ष होते. १८६४ च्या पुराआधी नदी हळूहळू सरकली तेवढा भाग अमेरिकेचा, बाकीचा मेक्सिकोचा, असा निकाल लागला. अमेरिकेने तो धुडकावला: १८६४ चं पात्र आता सापडणारच नाही, आणि लवादाने अधिकार ओलांडला. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि मेक्सिकोचे अध्यक्ष लोपेस मातेओस यांच्यात बोलणी झाली, १९६३ मध्ये करार झाला आणि मेक्सिकोला निव्वळ ४३७ एकर जमीन मिळाली. महासत्तेने गोळी न झाडता जमीन परत केली. सीमातंटा मिटवावा तर असा, असं माझं ठाम मत आहे.

शुभदा_क:
साफ असहमत. त्या जमिनीवरून सुमारे ५६०० माणसांना उठवलं, ते तुमच्या धाग्यात एका ओळीतही नाही. बहुतेक मेक्सिकन वंशाचे, कष्टकरी, आणि अमेरिकेचे नागरिक. रिओ लिंडासारखी वस्ती पार पांगली. त्यांचा कौल कुणी घेतला? मोबदला मिळाला म्हणाल, पण पैशाने शेजार मिळत नाही. आपल्याकडच्या कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांना विचारून बघा.

मोजणीदार:
थोडी कायद्याची बाजू. १८८४ च्या करारात असं ठरलं होतं की नदीने काठ हळूहळू खाल्ला तर सीमा तिच्याबरोबर सरकते, पण अचानक नवं पात्र फोडलं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. आता चामिसालचं काय करायचं? नदी तिथे काही नवं पात्र फोडून गेली नव्हती. काठ कोसळत कोसळतच ती सरकली, पण पुरात इतक्या जोराने की त्याला ‘हळूहळू’ कोण म्हणेल! लाफ्लर यांनी तोच धागा पकडला आणि नकाशाचे दोन तुकडे केले. लवादातले अमेरिकेचे आयुक्त ॲन्सन मिल्स यांचा त्याला विरोध होता. एल पासो शहराची पहिली आखणी १८५९ मध्ये याच मिल्स यांनी केली होती. आपणच आखलेल्या गावाचा काठ दुसऱ्या देशाला देणं त्यांना किती जड गेलं असेल, याचा विचार करा.

निकाल तेव्हाच मानला असता तर पुढची ५२ वर्षं तिथल्या लोकांच्या मालकीहक्कावर टांगती तलवार राहिली नसती. दोष १९६३ च्या कराराला द्यायचा की १९११ च्या नकाराला?

दक्षिणकाठ:
@मोजणीदार, अगदी हेच म्हणायचं होतं.
@शुभदा_क, माणसांचा उल्लेख हवा होता, मान्य. पण करारानुसार नदीचं नवं पात्र त्याच पट्ट्यातून खोदायचं होतं. माणसं न हलवता ते कसं जमणार?

शुभदा_क:
पात्रापुरती जमीन घ्यायची ना! हुआरेसच्या बाजूला आज बघा, मिळालेल्या जमिनीवर मोठी बाग आणि रस्ते आहेत. आणि भारत-बांगलादेशने २०१५ मध्ये काय केलं? १११ आणि ५१ छिटमहालांची (एका देशाच्या, पण दुसऱ्या देशाने चहूबाजूंनी वेढलेल्या जमिनीच्या तुकड्यांची) अदलाबदल झाली, पण राहायचं कुठे आणि नागरिकत्व कुठलं, हे तिथल्या माणसांना विचारलं. बहुतेकांनी घर सोडलं नाही. म्हणजे दुसरी वाट असू शकते. एल पासोत ती कुणी शोधलीच नाही.

पाणथळ:
तुम्ही दोघे जमीन आणि माणसांवर भांडताय, नदीचं कोण बोलणार? १९६८ च्या डिसेंबरात तिला सात किलोमीटरच्या काँक्रीटच्या पात्रात वळवलं, ती कायमचीच. नदीच्या वरच्या अंगाला एलिफंट ब्यूट धरण १९१६ पासून आहे, आणि १९०६ च्या करारानुसार मेक्सिकोला वर्षाला साधारण ७.४ कोटी घनमीटर पाणी. शेतीचा हंगाम संपला की एल पासोजवळ पात्रात वाळू आणि सिमेंट दिसतं. सीमा पक्की करायला नदी बांधून टाकली, याला आदर्श म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मोजणीदार:
@पाणथळ, पण मोकळी सोडली तर पुन्हा कुणाचं शेत, कुणाचं घर पलीकडे जाणार. १९७० च्या तहात म्हणूनच तरतूद आहे: नदीने पात्र बदलून २५० हेक्टरपर्यंतची आणि १०० माणसांपर्यंत वस्ती असलेली जमीन तोडली, तर ती गमावणाऱ्या देशाला तीन वर्षांत नदी जुन्या जागी आणायचा हक्क आहे.

शुभदा_क:
म्हणजे तिथे किती माणसं राहतात हे शेवटी कलमात मोजलं गेलं. चांगलंच झालं. पण रिओ लिंडाची घरं तोवर पडली होती, आणि त्या माणसांना विचारून करार झाला असता तर मीही या धाग्याला +१ दिला असता.