गाडीच्या बारक्या जागांसाठी छोटा पॉलिशर: डीए की रोटरी?

वर्धारोडवाला:
दाराच्या हँडलमागची खोबण, आरशाखालचा भाग, बंपरच्या घड्या, खिडक्यांमधले पियानो ब्लॅक (चकचकीत काळे) पिलर, इथं 5 इंची मशीन जातच नाही. पहिला छोटा पॉलिशर घेत असाल तर 3 इंची डीएच (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरते आणि सोबत डोलतेही) घ्या, असं माझं ठाम मत आहे. रोटरीचं पॅड एकाच जागी गरगर फिरते, गरमी तिथंच साचते, आणि कडेवर तर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आधीच पातळ. क्लिअर कोट असतोच किती, बहुतेक गाड्यांवर 40-50 मायक्रॉन, कडेला जरा जास्त वेळ टेकलं की खालचा रंग उघडा, मग पॅनल रंगवल्याशिवाय इलाज नाही.

मानेवाडा_डिटेलिंग:
भाऊ, अर्धंच सांगून राहिले तुम्ही. बंपरच्या वळणावर डीए दाबला की पॅड फिरणं बंद होते, नुसती थरथर, काप (घासून डाग-ओरखडे काढायची ताकद) काहीच नाही. बोअरच्या पाण्याचे जुने डाग असे निघतात काय? आणि 15 एमएम ऑर्बिटवाला (ऑर्बिट म्हणजे पॅड डोलण्याचा घेर) डीए हँडलजवळ नेला की बाजूच्या ट्रिमवर आपटते. तिथं लांब शाफ्टवर 2 इंची रोटरी, स्पीड कमी, हात हलका, काम झालं. छोट्या मशिनींत रुपेस नॅनो काय नि फ्लेक्स पीएक्सई 80 काय, दोन्हीत रोटरीची सोय आहे, ती उगाच नाही दिली.

वर्धारोडवाला:
पण त्याच मशिनींसोबत 3 आणि 12 एमएमची ऑर्बिट पण येते ना! अरुंद जागेला 3 एमएम लावा, आपटायचा प्रश्नच मिटला. काप कमी आहे हे मान्य, वेळ जास्त लागते. गिऱ्हाइकाचा रंग वाचत असेल तर लागू द्या वेळ.

सदरची_ताई:
बंपरबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. बंपर प्लॅस्टिकचा, तो पत्र्यासारखी गरमी पसरवत नाही, त्यामुळे जिथं पॅड तिथंच तापतो. शिवाय आपल्याकडचे रंगाची जाडी मोजायचे नेहमीचे थिकनेस गेज फक्त धातूवर रीडिंग देतात, बंपरवर काहीच कळत नाही, आणि बंपर तर पार्किंगमध्ये घासून एकदा तरी पेंटरकडे जाऊन आलेला असतोच, मग वर किती थर उरलाय ते कशावरून ठरवायचं? दिसत नाही तिथं रोटरी फिरवणं मला अजिबात पटत नाही. मे महिन्यात तर 45 डिग्रीत उभी गाडी आत घेतली तरी तासभर गरमच असते, कंपाउंड (घासायची पेस्ट) पॅडवरच सुकतं. आधी गाडी थंड होऊ द्या.

मानेवाडा_डिटेलिंग:
बंपरचं बरोबर आहे ताई, तिथं मी पण डीएच लावतो. पण पत्र्यावरचे खोल ओरखडे, मोनोग्रामच्या आजूबाजूचे, तिथं रोटरीला तोड नाही. मागं राहिलेले होलोग्राम (रोटरीच्या उन्हात दिसणाऱ्या रेघा) नंतर डीएनं काढायचे. नवीन पोरानं मात्र आधी भंगारातल्या बोनेटवर हात बसवावा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही.

धरमपेठ_04:
हँडलच्या खोबणीला मशीन पाहिजेच काहून? नखांचे बारीक ओरखडे असतात, फोम अ‍ॅप्लिकेटर आणि बारीक पॉलिश, हातानं जमतं. तेवढ्यासाठी महागडं बॅटरीचं मशीन घ्यायला लावू नका कोणाला.

वर्धारोडवाला:
एका गाडीला जमते. रोज दुकानात गाड्या येत असतील तर चार खोबणीतच मनगट जाते. घरच्या गाडीसाठी तुमचं पटलं. पियानो ब्लॅकवर मात्र हातानं घासू नका, ते इतकं नाजूक असते की कापडाच्या रेघा पण उन्हात दिसतात, तिथं मऊ फोम पॅड आणि 3 एमएम ऑर्बिट.