एटा जेम्सचा बिली हॉलिडेवाला अल्बम ऐकायचा कसा?

सराफा_रात्री:
मंडळी, मदत करा. अमेरिकन गायिका एटा जेम्स म्हणजे माझ्यासाठी 'ॲट लास्ट' हे गाणं, तो छाती भरून येणारा आवाज, म्हणून तिचा 1994 चा 'मिस्टरी लेडी' मोठ्या हौसेनं लावला, सगळी जॅझ गायिका बिली हॉलिडेची जुनी गाणी, आणि चौथ्या गाण्यापर्यंत मला जांभया. सगळं संथ, बाई कुठं चढतच नाही. आठवडाभर ऐकून राहिलोय. एटाला पहिलं ग्रॅमी ह्यावरच मिळालं म्हणे, मग माझ्याच कानात गडबड आहे का?

देवासकर:
भिया, इंदूरचे ना तुम्ही? अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल लावला की पाचव्या मिनिटाला तान कुठंय विचारता का? 😄 जॅझ स्टँडर्ड म्हणजे बंदिशच समजा, चाल सगळ्यांना पाठ, बहुतेकदा 32 बार (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसराच वेगळा. 'बॉडी अँड सोल'पासून सुरू करा, 1930 चं गाणं आहे, त्याच्या तिसऱ्या तुकड्यात सा-च अर्धा स्वर वर सरकतो, जणू कुणी मध्येच तंबोरा बदलून ठेवला, आणि मग गुपचूप परत घरी. तेवढं पकडा, बाकी नंतर.

निर्गुणी:
+1. आणि कुमारजींनी 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं तेव्हा नक्कल केली होती का? पदं गंधर्वांची, गळा कुमारांचा. इथं तेच. बिलीचा आवाज बारीक, जेमतेम सप्तकभर फिरणारा, एटाचा भरदार, पण ती तो दाबून ठेवते. 'डोन्ट एक्सप्लेन' ऐका, बिलीनंच आर्थर हरझॉगबरोबर लिहिलंय, नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिक दिसली, तो सबबी सांगायला लागला, ही म्हणाली राहू दे. हे काय ओरडून गायचं?

पलासिया_पोहे:
मला नाही पटत, दाबून दाबून किती दाबायचं. अरेथा फ्रँकलिनचा 'अनफर्गेटेबल' ऐका, 1964, गायिका डायना वॉशिंग्टनच्या आठवणीत केलेला, डायना नुकतीच गेलेली आणि अरेथा बावीसचीही नाही, पण चर्चमधला गळा लपवत नाही.

सराफा_रात्री:
काल रात्री गच्चीवर तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तो तंबोरा सापडला!! आई खालून विचारते, कोण रडतंय. 'डोन्ट एक्सप्लेन'ला मात्र परत जांभई आली, खोटं कशाला बोलू. अरेथा उद्या.