नाशिक ते नागपूर आईबाबांना घेऊन, विमान की समृद्धी?

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे नागपूरला. आईबाबा सोबत आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे आणि आईचे गुडघे फार दुखतात. मॅपवर हवाई अंतर साडेपाचशे किमीच्या आसपास आणि रस्त्याने सहाशेच्या वर दाखवतंय, म्हणजे अंतरात फार फरक नाही, पण वेळेत किती पडतो? नुसता उडायचा वेळ नको, दारापासून दारापर्यंतचा सांगा.

ओझरवाला
हवेत दीड-पावणेदोन तास, छोटं पंख्याचं एटीआर विमान असतं. पण तुम्ही इंदिरानगरहून ओझरला विमानतळावर येणार, मधे द्वारका चौकातलं ट्रॅफिक आहेच, त्यामुळे पाऊण-एक तास धरा, वर दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर बॅगा, असं करत साडेचार-पाच तास होतातच. नागपूरचं विमानतळ शहराला लागून आहे आणि तिथून मेट्रोही मिळते ते बरंय. आईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. आणि इथून फ्लाइट मोजक्याच, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी शेड्यूल बदलतं, तेव्हा लग्नाच्या तारखेला विमान आहे का ते आधी बघा मग बाकीचं ठरवा.

माहेर_वर्धा
आम्ही कायम गाडीनेच जातो. सिन्नरच्या पुढे गोंद्याला समृद्धीवर चढायचं (मुंबई हायवेवरचं गोंदे नव्हे हं, पुणे रोडवरचं) ते थेट नागपूरला शिवमडक्याला उतरायचं. थांबे धरून आठ-नऊ तास लागतात. पूर्वी धुळे जळगाव अकोला अमरावती करत जायचो तेव्हा पहाटे निघालं तरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा.
पण दादा, टायर जुने असतील तर कृपा करून समृद्धीवर जाऊ नका. उन्हात काँक्रीट तापतं, त्यात ताशी 120 ची लिमिट आहे म्हणून लोक तासन्‌तास त्याच स्पीडला गाडी ठेवतात आणि टायर फुटतो. निघायच्या आधी हवा बघून घ्या, गच्च भरू नका, कंपनीने सांगितली तेवढीच. रस्ता एकदम सरळ, वळण नाही गाव नाही, दुपारी ड्रायव्हरचा डोळा लागतो, शेजारी बसणाऱ्याने बोलत राहायचं. आईंना दर दीड तासाने उतरवून चार पावलं चालवा, पण ते इंटरचेंजला नाहीतर पेट्रोलपंपावर, कडेला गाडी उभी करून अजिबात नको.

देवळाली_कॅम्प
गुडघे दुखत असतील तर माझं स्पष्ट मत, दोन्ही सोडा आणि नाशिकरोडहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरा. झोपून जायचं, सकाळी नागपूर. आठ तास गाडीत पाय दुमडून बसणं सत्तरीत फार जड जातं, वडिलांना नेलं तेव्हा जवळून बघितलंय.

इंदिरानगरकर
हे डोक्यातच नव्हतं. पण लोअर बर्थ मिळेल का दोघांना?

देवळाली_कॅम्प
त्या दोघांचं तिकीट वेगळं काढा, तुमचं त्यात घालू नका. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असले तर लागतो. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं म्हणजे तुमच्या तारखेचं सुरू असेलच, आजच बघा, लग्नसराईत उद्यापर्यंत वेटिंग लागलेलं असतं.