वाघाटीचा वेल ठेवू की काढून टाकू?

बेसा_अंगण: नमस्कार मंडळी. बेसाला आमचा छोटा प्लॉट आहे, मागच्या तारेच्या कुंपणाजवळ कडुनिंबाखाली एक काटेरी वेल आपोआप उगवला, पक्ष्यांनीच बी टाकली असणार. माळीकाका म्हणाले वाघाटी. आता तो कडुनिंबावर अर्धा चढला आणि यंदा मार्चमधे पहिल्यांदा फुलला, पांढरी फुलं, केसर मांजराच्या मिशांएवढे लांब, अन् तीच फुलं नंतर गुलाबी होतात! पण पोराचा बॉल तिकडे गेला की शर्ट फाडूनच येतो, हे म्हणतात उपट अन् बोगनवेल लाव. शिवाय गेल्या जुलैत अळ्यांनी सगळी पानं खाल्ली. फवारू का?

झाडपाला_४४: ताई उपटू नका बरं. बोगनवेलीला काय काटे नसतात? ती आली ब्राझीलकडून, हा आपल्याच कोरड्या जंगलातला. अन् फवारणीचं तर नावच काढू नका, त्या अळ्या फुलपाखरांच्या आहेत, कॉमन गल, पायोनियर ही वाघाटीच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. माझ्याकडे एकदा नुसत्या काड्या उरल्या होत्या, पंधरा-वीस दिवसांत तांबूस लव असलेली नवीन पानं फुटली.

खुरपी_भाऊ: काट्यांचं सांगतो. जोडीजोडीनं असतात अन् टोक मागं वळलेलं, वाघाच्या नखासारखं, म्हणून तर वाघाटी. कपडा अडकला की आपण मागं ओढतो अन् तिथंच फाटतं, उलट वेलाकडे एक पाऊल जायचं, काटा आपोआप सुटतो. पोराला हे शिकवा. दुसरं म्हणजे खालचे फाटे डोक्याच्या उंचीपर्यंत कापा, पण फळं उतरवल्यावर. कातड्याचे हातमोजे घाला, माझ्या बोटात टोक मोडलं होतं ते चार दिवस ठणकत होतं अन् बायको रोज सुई घेऊन मागं.

स्पष्टवक्ता: लहान पोरं असतील तर काढाच. कौतुक दुसऱ्याच्या अंगणात करायला बरं वाटते.

खुरपी_भाऊ: गेटजवळ, पायवाटेवर असता तर मीही हेच म्हटलं असतं भाऊ. मागच्या कुंपणाला काय अडचण आहे? ढोरं आत येत नाही, चोर येत नाही.

माहेर_सातारा: अगं फळं लागली का? आमच्या माहेरी आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला वाघाट्याच्या भाजीनं सोडतात, गोविंदफळ पण म्हणतात त्याला. कोवळी हिरवी फळंच घ्यायची, फोडून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं, मग परतायचं. तरी थोडा कडवटपणा राहतोच, तो पाहिजे पण. पिकून लाल झाली की भाजीला नाही. आणि वेल वाघाटीचाच आहे ना हे कोणा जाणकाराला दाखवून मगच खा गं.

बेसा_अंगण: खूप थँक्यू सगळ्यांना. आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आले, आठ-नऊ फळं आहेत, लिंबाएवढी, पण सगळी वरच्या फांदीवर! शिडी लावली तर कडुनिंबाच्या बाजूनं लावू की कुंपणाच्या? ह्यांना अजून सांगितलं नाही.

खुरपी_भाऊ: कडुनिंबाच्या बाजूनं. अन् ह्यांनाच चढवा 😄