खात्यात पैसे असताना 'ॲपल डेली' बंद कसं पडलं?

शाईकागद:
हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' या दैनिकाचे मालक जिमी लाय यांच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक त्यांच्यावरच्या राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्याभोवती फिरतं. मला प्रकाशक म्हणून त्यांची कारकीर्द समजून घ्यायची आहे. कपड्यांच्या धंद्यातला माणूस दैनिक कसं उभं करतो, मोठ्या जाहिराती गेल्यावर ते कशावर चालतं, आणि जून २०२१ मध्ये आठवडाभरात बंद कसं पडतं? बंदीचा हुकूम निघाला नव्हता. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, खप चांगला, हाताशी रोकडही होती. मग अडलं कुठे? कंपनी, बँक आणि कायदा या अंगाने कोणी सांगेल का?

पानजोडणी:
आधी कारकीर्द. लाय यांचा जन्म १९४७ चा, चीनमधल्या ग्वांगझोऊचा. बाराव्या वर्षी ते लपूनछपून हाँगकाँगला आले आणि कारखान्यात मजुरीला लागले. १९८१ मध्ये त्यांनी 'जिओर्डानो' ही कपड्यांची साखळी काढली. १९८९ च्या तियानानमेन हत्याकांडानंतर ते प्रकाशनाकडे वळले. १९९० मध्ये 'नेक्स्ट' साप्ताहिकाच्या रूपात पहिलं प्रकाशन आलं आणि २० जून १९९५ ला 'ॲपल डेली'.

सरकारच्या दबावाचा पहिला धडा त्यांना दैनिक निघण्याआधीच मिळाला. १९९४ मध्ये त्यांनी चीनचे पंतप्रधान ली पेंग यांना उद्देशून अतिशय जहाल खुलं पत्र छापलं. झळ बसली जिओर्डानोला, म्हणजे चीनमधल्या दुकानांना. शेवटी लाय यांना कपड्यांच्या कंपनीतले आपले शेअर विकून बाहेर पडावं लागलं. प्रकाशकाचा दुसरा कुठलाही धंदा सरकारच्या हद्दीत असेल तर तोच ओलीस राहतो. लाय त्यातून लवकर मोकळे झाले, म्हणून पुढची २५ वर्षं त्यांचं दैनिक निर्भीड राहू शकलं असं माझं मत आहे.

दैनिक रंगीत, चटपटीत, कूपन लावून स्वस्तात विकलेलं. गुन्हे, नटनट्या, घोड्यांच्या शर्यती आणि त्याच्याच शेजारी सरकारवर कडक टीका. त्याची काळी बाजूही सांगायला हवी. १९९८ मध्ये एका कौटुंबिक शोकांतिकेतल्या माणसाला पैसे देऊन सनसनाटी छायाचित्रं मिळवल्याचं उघड झालं आणि पहिल्या पानावर माफी छापावी लागली. पण हाँगकाँगमध्ये लोकशाहीच्या बाजूने उघड उभं राहणारं एवढ्या खपाचं दुसरं दैनिक नव्हतं, हेही तितकंच खरं.

ताळेबंद:
आता पैशाकडे. दैनिकाला तीन ठिकाणांहून पैसा येतो: जाहिराती, वाचक आणि मालक. हे तिन्ही झरे एकेक करून बुजवले गेले.

जाहिराती आधी गेल्या. बांधकाम कंपन्या बऱ्याच वर्षांपासून दूर होत्या. २०१४ च्या सुमारास एचएसबीसी आणि स्टँडर्ड चार्टर्डसारख्या बँकांच्या जाहिराती थांबल्या. चीन सरकारच्या हाँगकाँगमधल्या कार्यालयाने दबाव आणला असं 'ॲपल'च्या बाजूने सांगितलं गेलं, बँकांनी व्यावसायिक कारण दिलं. त्याच वर्षी लोकशाहीच्या मागणीसाठी झालेल्या छत्री आंदोलनाच्या काळात मुख्यालयाबाहेर जमाव बसवून अंक नेणारे ट्रक अडवले गेले. दैनिकाच्या व्यवहारात हे फार जिव्हारी लागतं, कारण सकाळचा अंक दुपारी कोणी विकत घेत नाही.

उतारा होता तो डिजिटल वर्गणीचा. २०१९ पासून संकेतस्थळावर आधी नोंदणी, मग शुल्क आलं. लाखो वाचकांनी पैसे भरले. तरी तोटा होत होताच आणि तो लाय स्वतः कंपनीला कर्ज देऊन भरून काढत होते. १० ऑगस्ट २०२० ला बीजिंगने त्याच वर्षी लागू केलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली त्यांना अटक झाली, सुमारे २०० पोलीस कार्यालयात शिरले. दुसऱ्या दिवशी साडेपाच लाख प्रती छापल्या गेल्या आणि लोकांनी पाठिंबा म्हणून शेअर घेतले, भाव दोन दिवसांत हजार टक्क्यांहून जास्त चढला. पण इथे नीट बघा: बाजारातून घेतलेल्या शेअरचे पैसे विकणाऱ्याला मिळतात, कंपनीच्या खात्यात एक डॉलरही येत नाही.

१४ मे २०२१ ला मालकाचा झरा बंद झाला. लाय यांचे नेक्स्ट डिजिटल या 'ॲपल डेली'च्या मूळ कंपनीतले ७१ टक्क्यांहून जास्त शेअर आणि त्यांच्या मालकीच्या वेगळ्या तीन कंपन्यांची स्थानिक खाती सरकारने गोठवली. नवं कर्ज देणं थांबलं आणि शेअर विकून नवा मालक आणण्याची वाटही संपली. एचएसबीसी आणि सिटीबँकेला सुरक्षा सचिवांची, म्हणजे हाँगकाँगच्या सुरक्षा मंत्र्यांची, पत्रं गेली की लाय यांच्या खात्यांत व्यवहार केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१७ जूनला घाव बसला. सुमारे ५०० पोलीस, पाच वरिष्ठ अधिकारी अटकेत, आणि दैनिकाच्या तीन कंपन्यांची मिळून १ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरची मालमत्ता गोठवलेली: ॲपल डेली लिमिटेड, ॲपल डेली प्रिंटिंग लिमिटेड आणि एडी इंटरनेट लिमिटेड. म्हणजे वृत्तपत्र, छापखाना आणि संकेतस्थळ. रक्कम किरकोळ होती, पण रोजचा व्यवहार याच तीन नावांनी व्हायचा. मूळ कंपनीकडे ५० कोटी हाँगकाँग डॉलरच्या आसपास रोकड असून उपयोग नव्हता, कारण या खात्यांत पैसे आले तरी बँका ते परत पाठवू लागल्या.

शाईकागद:
खूप उपयोगी माहिती. एक शंका. सुमारे ८०० कर्मचारी होते. त्यांनी काही आठवडे पगाराशिवाय काम केलं असतं तर? किंवा रोखीने व्यवहार? न्यायालयात दाद?

ताळेबंद:
कर्मचारी कदाचित थांबलेही असते. कागदवाला, शाईवाला, वीज, सर्व्हरचं भाडं थांबत नाही. शिवाय कंपनी नोंदणीकृत. पगार देता येणार नाही हे ठाऊक असताना संचालकांनी माणसं कामावर ठेवली तर जबाबदारी त्यांच्या अंगावर येते. २१ जूनला कंपनीने पगारापुरते पैसे सोडवा अशी विनंती सुरक्षा खात्याला केली होती. न्यायालयात अर्जाची तरतूद आहे, पण तारीख मिळेपर्यंत दैनिक तग धरत नाही. २३ जूनला अग्रलेख लिहिणाऱ्याला अटक झाली. तोवर पत्रकारांनाही कळलं होतं की नुसतं कामावर येणं हाच धोका आहे. २४ जूनचा अंक शेवटचा, दहा लाख प्रतींचा. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने नेक्स्ट डिजिटल गुंडाळण्याचा आदेश दिला, तोही अर्थ सचिवांच्या अर्जावरून.

कलमदान:
कायद्याबद्दल थोडं. गोठवण्याचा अधिकार राष्ट्रीय सुरक्षा कायद्याच्या ४३ व्या कलमाखालच्या नियमांतून येतो. आधी न्यायालयाचा हुकूम लागत नाही, सुरक्षा सचिवांची लेखी नोटीस पुरते. खटला नंतर, शिक्षा त्याहून नंतर, कुलूप मात्र पहिल्या दिवशी. लाय यांचा सुरक्षा खटला १८ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला, ज्यूरीशिवाय, तीन न्यायाधीशांपुढे, आणि ते दोषी ठरले डिसेंबर २०२५ मध्ये. दैनिक संपून तोवर चार वर्षं उलटली होती.

लाय यांच्यावर लावलेलं दुसरं कलम राजद्रोही प्रकाशनाचं. ते ब्रिटिश वसाहतीच्या काळातलं. 'केसरी'तल्या लेखांवरून १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांवर चालवलेलं भारतीय दंडविधानाचं १२४-अ त्याच कुळातलं, त्यामुळे मराठी वाचकाला ते ओळखीचं वाटेल. आणीबाणीत 'इंडियन एक्स्प्रेस'ची कोंडी बँकेचं कर्ज, सरकारी जाहिराती आणि वीज यांवरून झाली होती. हाँगकाँगमध्ये त्यापेक्षा कमी हत्यारं लागली, कारण सगळा व्यवहार बँकेतून जातो.

भाडेकराराकडेही दुर्लक्ष नको. मुख्यालय त्सेउंग क्वान ओ औद्योगिक वसाहतीत, जागा सरकारी महामंडळाची. तिथल्या छोट्या भागात लाय यांची दुसरी सल्लागार कंपनी बसवली, यावरून फसवणुकीचा खटला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने ५ वर्षं ९ महिन्यांची कैद सुनावली. एरवी असा वाद भाडेकरू आणि मालक यांच्यात दिवाणी मार्गाने मिटतो. म्हणून प्रकाशकाने सरकारी जागा टाळावी, आणि घेतलीच तर करारातल्या वापराबाहेर एक टेबलही ठेवू नये.

जुनाअंक:
एक भर घालतो, संग्रहाची. २४ जून २०२१ ला मध्यरात्री संकेतस्थळ बंद झालं आणि २६ वर्षांचे लेख वाचकाच्या हातून गेले. स्वयंसेवकांनी आधीच्या दिवसांत जमेल तितकं उतरवून 'आरवीव्ह' या ब्लॉकचेन साठवणीवर, म्हणजे अनेक संगणकांवर वाटून ठेवलेल्या साठ्यात, टाकलं. तिथे एकदा चढवलेलं एका मालकाला काढून टाकता येत नाही.

घाईत उतरवताना चुका होतात त्या ठरलेल्या: मजकूर येतो पण छायाचित्रं सुटतात, तारीख आणि लेखकाचं नाव वेगळ्या रकान्यात असल्याने हरवतं, चित्रफिती आकारामुळे राहून जातात. आपलं प्रकाशन अशा धोक्यात असेल तर दर महिन्याला पूर्ण प्रत दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे द्यावी, पानांची पीडीएफ वेगळी आणि लेखांचा डेटा वेगळा. माहिती देणाऱ्यांची नावं मात्र त्या प्रतीत नकोत, आणि कार्यालयातल्या संगणकावरही नकोत. १७ जूनच्या झडतीच्या वॉरंटमध्ये पत्रकारितेचं साहित्य जप्त करण्याची परवानगी होती, पोलीस हार्डडिस्क घेऊन गेले.